कोरफडीचा निर्जळी उपास

स्पष्टच लिहिते. जनूकाका आमच्या एकाही मोर्च्याला आले नाहीत. तहसील कचेरीवर रिकामे हंडे वाजवत गेलो तेव्हा आले नाहीत, रस्त्यावर बसलो तेव्हा आले नाहीत, आणि उपोषणाच्या मांडवात आले ते नुसते डोकावून "जेवून घ्या गो पोरींनो" असं सांगून निघून गेले. कारण दर वेळी एकच. "मी हितं बसलो तर तिकडं रान मोकळं. कोनीतरी येईल नि माझ्या झाडांना पानी घालील."

आमच्या शहापूर तालुक्यात हे वाक्य तोंडातून काढायला छाती लागते. धरणं आमच्या डोंगरांत. शहराकडे जाणारी जलवाहिनी आमच्या बांधांना घासून जाते. तिला कान लावला तर आत पाणी पळताना ऐकू येतं, आणि होळीच्या आधीच आमच्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. अशा मुलखात एक माणूस हातात काठी घेऊन झाडांची राखण करायचा, आणि ती शेळ्यांपासून नाही, पोरांपासून नाही, पाण्यापासून!

जनूकाका विशे यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहिणार नाही, कारण ते कोणत्याही समितीवर नव्हते. म्हणून मी लिहिते.

पहिली भेट भर जुलैतली. मी संघटनेत नवी होते आणि पिशवीत किमान मजुरीची पत्रकं घेऊन डोळखांबच्या रस्त्याने पाड्यापाड्यांवर फिरत होते. पाऊस असा की दहा पावलांपुढचं धड दिसेना. रस्त्याच्या वरच्या अंगाला एका मुरमाड उतारावर सात बाया इरली घेऊन ओणव्या उभ्या होत्या. इरलं म्हणजे लावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घेतात ते कामट्यांचं आणि पानांचं छप्पर. या सातजणींच्या इरल्यांवर निळं प्लास्टिकही बांधलेलं. माझं रक्त तापलं. मी रस्त्यावरूनच सुरुवात केली. "बायांनो! असल्या पावसात राबवून घेणाऱ्या मालकाला घाबरू नका! कायदा तुमच्या बाजूने आहे!" चांगली पाच मिनिटं बोलले. एकीनेही मान वर केली नाही. मला वाटलं, किती ही दहशत!

तेवढ्यात वरच्या पडवीतून आवाज आला. "त्या उत्तर नाय देनार. पन ऐकून सगळं घेतात. तू बोल."

पडवीत एक उंच, काटकुळा माणूस उकिडवा बसून चहा पीत होता.

"मालक कोण यांचा?" मी विचारलं.

"मीच की."

"मजुरी काय देता?"

"मजुरी नाय देत. पानी पन नाय देत."

"पाणीसुद्धा देत नाही?"

"पानी दिलं की मरतात."

मी तरातरा उतार चढून गेले आणि पहिलं इरलं उचललं. खाली कोरफड होती. घरोघरी डब्यात असते तसली नव्हे. कमरेइतका उंच, जाड बुंधा आणि त्याच्या डोक्यावर लांब, जाड, कातरलेल्या कडांच्या पानांचा तुरा. सातही तशाच. मागून काका म्हणाले, "झाक गो तिला परत. थंडी वाजते तिला." मग आत तोंड करून ओरडले, "अगो, आनखी एक कप टाक. कोरफडींची पुढारीन आली हाय!"

ही झाडकोरफड कुठली तरी आफ्रिकेतली. तिथे म्हणे ती घराएवढी होते. आमच्याकडे ती आली एका शेठच्या बॅगेतून. मुरबाडच्या रस्त्याला या शेठचा बंगला होता आणि काका तिथे माळी होते. शेठने परदेशातून बोटभर रोप आणलं, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलं आणि विसरला, कारण त्याचा सगळा जीव हिरवळीवर. उन्हाळ्यात या हिरवळीसाठी टँकर यायचा. काका दिवसभर हातात पाइप धरून गवत भिजवायचे आणि संध्याकाळी घरी आले की काकी त्यांना तांब्यात बोटभर पाणी द्यायच्या. बाकीचं उद्यासाठी. हे मी पत्रकात लिहिलं तर लोक म्हणतील, पोरगी वाढवून सांगते. पण काका ते हसत सांगायचे. "दिवसभर गवताला आंघोळ घालायची, नि घरी येऊन ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. गवताचं नशीब बघ."

नोकरी सोडली तो प्रसंग काकी सांगायच्या, कारण काका तो सांगताना निम्मा गाळायचे. एका मे महिन्यात शेठने विचारलं, "जनू, हिरवळ पिवळी का पडली?" काका म्हणाले, "शेठ, तिला सवय लावतोय. आमच्या घरच्यांना लावलीये तशी." शेठ चिडला. त्याच दुपारी हिशेब झाला. पण शेठ मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "बागेतलं हवं ते झाड घेऊन जा." काकांनी अख्ख्या बागेकडे पाठ फिरवली आणि न्हाणीघराच्या खिडकीतलं ते बोटभर रोप उचललं. वर्षभर त्याला कोणी पाणी घातलं नव्हतं आणि ते जिवंत होतं.

घरी येऊन त्यांनी काकींना शब्द दिला. "आता मी झाडं लावीन ती अशी, की तुझ्या डोक्यावरच्या हंड्यातला थेंब त्यांना लागनार नाय."

काकींनी विचारलं, "आनि खायला काय लावनार?"

भातशेती होती म्हणून भागलं. पण शब्द त्यांनी पाळला. घरासमोरच्या ज्या मुरमाच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, गवतही धड उगवत नव्हतं, तिथे ते रोप लागलं. त्याची मोठी झाली. काकांनी तिला दुसरं नाव दिलंच नाही, फक्त 'मोठी'. मी पाहिली तेव्हा तिचा बुंधा हत्तीच्या पायासारखा होता, उंची कौलांच्या वर, आणि फांदी-फांदीच्या टोकाला एकेक तुरा. त्या सात 'बाया' तिच्याच फांद्यांपासून केलेल्या. त्या टेपावर बांधावरचा निवडुंग होता, रुई होती, घायपात होती, आणि वैशाखातही सगळं टवटवीत. काकी मात्र तिला सवत म्हणायच्या. "सवतीला तहान लागत नाय. लागते ती मला."

काकांचा खरा शत्रू उन्हाळा नव्हताच. आमचा पाऊस होता. चार महिने असा कोसळतो की आफ्रिकेतल्या झाडाने हाय खावी. म्हणून झाडाखाली मुरमाचा उंच वरवंडा, म्हणजे ढीग, उताराचे चर, आणि डोक्यावर इरली. मोठीला इरलं पुरत नव्हतं, तर तिच्या बुंध्याभोवती जुन्या पत्र्याचं उतरतं छप्पर. आणि पावसाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे माणसं. आमच्याकडे ज्याला पाणी मिळत नाही त्याचा हात फार पुण्यवान असतो. पाणी पिऊन झालं की तांब्यातला शेवटचा घोट कोणी फेकत नाही, झाडाच्या मुळाशी ओततो. जेवून हात धुवायचा तो झाडाजवळ. पाहुणा पडवीतून उठला की काका त्याच्या मागे मागे. "तांब्या दे. दे म्हनतो ना! पी सगळं. पीत नसशील तर मी पितो." मी त्यांना लोकांचं उष्टं पाणी पिताना डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा पाड्यावर वृक्षारोपण झालं. कोणी साहेब आले होते. पाऊस सुरू, फोटोवाला ओला, आणि साहेबांना मागे काहीतरी भरगच्च हवं म्हणून कार्यक्रम ठरला मोठीच्या शेजारी. कोणीतरी काकांच्या हातात छत्री दिली आणि साहेबांच्या मागे उभं केलं. साहेबांनी एक रोप खड्ड्यात टेकवलं आणि राहिलेला तांब्या मोठीच्या बुंध्याशी रिकामा करायला हात उचलला. काकांनी छत्री सरकवली. साहेबांवरून काढून मोठीच्या बुंध्यावर धरली. तांब्यातलं पाणी छत्रीवर पडलं, छत्रीवरून साहेबांच्या बुटांत गेलं, आणि आभाळातलं साहेबांच्या टकलावर. फोटोत ते तसंच आलं आहे. साहेब भिजलेले, झाड कोरडं. काकांनी तो फोटो मागून घेतला आणि पडवीत लावला.

आता मुख्य गोष्ट.

इतक्या वर्षांनी एका मार्गशीर्षात मोठीला फुलं आली. गुलाबी-केशरी कणसं, प्रत्येक तुऱ्यावर एक. रस्त्यावरून दिसायची. पाड्यावर घरोघरी गुरुवारची लक्ष्मी मांडतात. शुक्रवारी सकाळी कलशातलं पाणी तुळशीला घालायचं असतं. भागीकाकू म्हणजे काकांची शेजारीण, पाड्यावरच्या सगळ्या व्रतांची मुखत्यार. तिने ते कणीस पाहिलं, हात जोडले, आणि कलश तिथेच उपडा केला. चार गुरुवार, घरोघरचे कलश. काका ओरडत राहिले. भागीकाकू म्हणाली, "भावजी, मार्गशीर्षात फुलली हाय. ही काय झाड हाय होय?"

तोवर निभावलं असतं. पण पुढे टंचाई लागली आणि त्या वर्षी टँकर लवकर आला. हा टँकर आमच्या मोर्च्यामुळे आला! निवेदनं आम्ही दिली, उन्हात आम्ही बसलो, माझा आवाज आठ दिवस गेला होता. पाड्यावर मात्र एकमत झालं की टँकर कोरफडाईने आणला. कोरफडाई! नावही पडलं. आणि टँकरचा हंडा भरला की जाता जाता प्रत्येक बाई एक ओंजळ, एक वाटी, एक फुलपात्र कोरफडाईच्या पायाशी. भर उन्हाळ्यात हे झाड झोपलेलं असतं. त्या वेळी मुळाशी ओल म्हणजे विषच.

मी काय केलं असेल? पत्रक काढलं. 'झाडकोरफडीला पाणी घालू नका. शास्त्र समजून घ्या.' घरोघर वाटलं. भागीकाकूने चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "म्हंजे गो, मागच्या कागदावर तूच लिवलंस, पानी आमचा हक्क हाय, ते कुठं वापरायचं ते आमी ठरवू. आता लिवतेस पानी घालू नका. तुमचं संघटनेचं आधी एक काय ते ठरवा."

मी उरलेला गठ्ठा पिशवीत टाकला. काकांकडे मात्र उपाय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरभोवती सगळ्या जमल्या असताना ते कपाळाला भस्म फासून उभे राहिले आणि जाहीर केलं, "बायांनो, कोरफडाईचा आजपासून निर्जळी उपास हाय. पानी घालील तिच्यानं उपास मोडेल."

बाया जागच्या जागी थांबल्या. उपास मोडणं म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. एकीनेही त्या दिवशी थेंब घातला नाही. मी भडकले. "काका, ही अंधश्रद्धा आहे! तुम्ही लोकांना फसवताय!"

"तुझ्या कागदानं पानी थांबलं?"

"नाही."

"मग गप बस. झाड वाचू दे, मग अंधश्रद्धा काढ. पळून जात नाय ती."

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मी पाड्यावर गेले तर मोठीच्या पायाशी मुंग्यांची रांग. भागीकाकूने विचार केला होता. निर्जळी म्हणजे पाणी नाही. पण दूध चालतं. दूध चालतं तर ताक चालतं. आणि इतक्या कडक उपासाला देवीला फराळ नको? साबुदाण्याची खिचडी होती, तुपातली. दोन केळी होती. एका वाटीत वरीचा भात आणि त्यावर दाण्याची आमटी, पातळ. कोणीतरी उपासाला चालते म्हणून कॉफी ठेवली होती.

काका मुरमात बसले होते. बोटाने आमटी निपटून काढत होते. हसावं की काय ते मला कळेना, कारण ते हसत नव्हते. त्यांनी बुंध्याला अंगठा लावला. अंगठा आत गेला. पिकलेल्या पपईत जावा तसा. "गेली," ते म्हणाले. एवढंच.

मी रागाने भागीकाकूच्या घराकडे निघाले होते. पडवीतून काकी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिला नको बोलू. मी पन घातलंय."

काकांनी वर पाहिलं.

"फुललं तवापासून," काकी म्हणाल्या. "रोज सांजचं. इतकी वर्सं दारात उभी हाय, तिला कोनी पानी म्हनून इचारलं नाय. मला झोप नाय यायची."

"किती?" काकांनी विचारलं.

"अर्धा तांब्या."

"टँकरचं?"

"माझ्या वाट्याचं. तुमच्यातलं नाय."

आयुष्यभर जिच्या डोक्यावरचा हंडा वाचवायला त्यांनी हे झाड लावलं होतं, तिने स्वतःचं प्यायचं पाणी त्यालाच घातलं होतं. काकांनी आमटीचं बोट मुरमाला पुसलं. मग म्हणाले, "सवतीचा पुळका आला होय?" आणि उठून करवत शोधायला आत गेले.

मोठीला कापताना सगळा पाडा जमला. भागीकाकू तोंडात पदर धरून रडत होती. काकांनी खालचा कुजका बुंधा सोडून दिला आणि वरचे तुरे एकेक करून उतरवले. प्रत्येक तुऱ्याचा काप पांढरा स्वच्छ लागेपर्यंत कापायचा, चुलीतली राख दाबायची, आणि तीन आठवडे सावलीत कोरडा ठेवायचा. "जखम आधी सुकू द्यायची. ओल्या जखमेला मातीत घातली की सडते. घाई नाय करायची," ते म्हणाले. तुरे ठेवायला खाली कोरडा कागद हवा होता. काका माझ्या पिशवीकडे बघायला लागले. 'झाडकोरफडीला पाणी घालू नका' या पत्रकाचा अख्खा गठ्ठा पडवीत पसरला गेला आणि त्यावर कोरफडाईचे तुरे निजले. "तुझा कागद ओल चांगली ओढतो," काका म्हणाले. माझ्या कोणत्याही पत्रकाला मिळालेली ही पहिली दाद.

तीन आठवड्यांनी त्यांनी बायांना बोलावलं आणि घरटी एक तुरा दिला. पहिला काकींना. दुसरा भागीकाकूला. ती म्हणाली, "भावजी, मला नको. माझ्या हातानं मेली."

"म्हनूनच घे. आता तुझ्या दारात राहील, म्हंजे दुसऱ्याच्या दारात जाऊन घालायला नको. नि ऐक, हिचा उपास आयशीचाच पुढं चालू हाय. फराळासकट बंद."

"कधी सुटनार उपास?"

"ती सांगेल."

आज त्या पाड्यावर जा. प्रत्येक दारात मुरमाचा वरवंडा आणि त्यावर एक कोरफड. टँकर येतो, हंडे भरतात, आणि पाणी सरळ घरात जातं. पाहुण्याने तांब्या तिरपा केला की आता भागीकाकू आडवी जाते. "पी सगळं. आमच्या दारचीला उपास हाय." हे शास्त्र आहे की अंधश्रद्धा, यावर आमच्या संघटनेत दोन बैठका झाल्या. निर्णय झालेला नाही.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते मोठी गेली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. पुन्हा जुलै, पुन्हा तोच रस्ता, पिशवीत नवी पत्रकं. टेपावर इरली दिसली. मी सवयीने मोजली. आठ. सातच हवी होती. मोठीच्या जागी काकांनी नवीन लावली तर, असं म्हणत मी पुढे चालू लागले.

"आज भाषन नाय?"

आठवं इरलं बोललं. मोठीच्या रिकाम्या जागेवर काका इरलं घेऊन ओणवे उभे होते, पाय घोट्यापर्यंत मुरमात.

"काका! पावसात काय करताय तिथे?"

"पानी कुठून येतं ते बघतोय. हितं नवी लावायची हाय, तर आधी आपन उभं राहून बघावं. बाहेरून नाय कळत." त्यांनी एक पाय उचलून दुसरीकडे रोवला. "डाव्या अंगानं येतंय. चर पाडायला हवा."

"घरात जा. आजारी पडाल."

"तू कागद वाटून ये. भागीच्या अंगनात एक नवी बाई उभी हाय बघ, लहान हाय अजून. तिला मजुरीचं सांग नीट. आमच्या ह्या सातजनींचं ऐकून झालंय."

मी हसत निघाले. वळणावर पोचल्यावर मागे पाहिलं. पाऊस वाढला होता, टेप अर्धा पुसला गेला होता. आठ इरली एका ओळीत, सगळी ओणवी, सगळी निळी. त्यातलं काकांचं कोणतं ते मी शोधत राहिले. एकही हलत नव्हतं.